क्लस्टरला बाहेरचा पत्ता का मिळत नाही?

प्रश्न : उद्यमबागेतील आमच्या कारखान्यात तीन संगणकांवर कुबरनेटिसचा (अनेक संगणक जोडून त्यांवर ॲप्स चालवणाऱ्या प्रणालीचा) क्लस्टर, म्हणजे संगणकांचा गट, उभारला आहे. मागण्यांची नोंद ठेवणारी दोन ॲप्स, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये, त्यावर चालतात. निपाणी आणि कोल्हापूरच्या ग्राहकांना ती उघडता यावीत म्हणून सर्व्हिसचा (ॲपपर्यंत विनंत्या पोहोचवणाऱ्या मांडणीचा) प्रकार लोडबॅलन्सर, म्हणजे बाहेरचा पत्ता मागणारा, केला, पण बाह्य पत्त्याच्या जागी ‘पेंडिंग’ हा शब्द हटतच नाही. नोडपोर्टने, म्हणजे क्लस्टरमधील संगणकाच्या पत्त्यामागे पोर्टचा (संगणकावरील प्रवेशद्वाराचा) क्रमांक लावून, काम चालते. तेच ठेवावे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : ‘पेंडिंग’ म्हणजे बिघाड नव्हे. लोडबॅलन्सर प्रकार निवडला की कुबरनेटिस बाहेरच्या यंत्रणेकडे पत्ता मागते. क्लाउड कंपनीकडे अशी यंत्रणा तयार असते, तुमच्या कारखान्यात ती कोणी बसवलेलीच नाही, म्हणून मागणी तशीच पडून राहते. ही उणीव मेटलएलबी ही क्लस्टरमध्ये बसवायची प्रणाली भरून काढते. कार्यालयीन नेटवर्कमधील काही पत्ते तिच्यासाठी राखून ठेवावेत. मात्र राउटर स्वतःहून वाटतो त्या पत्त्यांत ते येता कामा नयेत, नाहीतर एकच पत्ता दोन यंत्रांना मिळून असा घोळ होतो की त्याचे कारण लवकर सापडत नाही. तिच्या सोप्या, म्हणजे लेअर २, पद्धतीत एका पत्त्याची सारी वाहतूक एका वेळी एकाच नोडवर (क्लस्टरमधील एका संगणकावर) येते आणि तो बंद पडला की दुसरा नोड तो पत्ता सांभाळतो. तीन संगणकांना एवढे पुरे.

नोडपोर्ट चाचणीपुरता ठीक आहे. त्याचा क्रमांक एरवी ३०००० ते ३२७६७ यांमधला असतो, आणि ग्राहकाने पत्त्यामागे असा आकडा टंकावा ही अपेक्षा मला तरी अवाजवी वाटते.

दोन ॲप्ससाठी दोन पत्ते खर्चण्याचेही कारण नाही. पुढे एकच गेटवे, म्हणजे सामाईक प्रवेशद्वार, ठेवून संकेतस्थळाच्या नावानुसार विनंत्या वाटाव्यात. मागच्या सर्व्हिस क्लस्टरआयपी प्रकारच्याच, म्हणजे क्लस्टरच्या आतूनच पोहोचता येणाऱ्या, राहू द्याव्यात, आणि डेटाबेसची तर तशीच राहायला हवी. उभारणी नवी असल्याने मी गेटवे एपीआय, म्हणजे असे गेटवे मांडण्याची कुबरनेटिसची नवी पद्धत, सुचवीन, ज्याची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. कारण जुन्या मार्गदर्शिकांत सर्रास दिसणाऱ्या इन्ग्रेस-एनजिनएक्स कंट्रोलरची (हेच काम करणाऱ्या जुन्या प्रणालीची) देखभाल मार्च २०२६ पर्यंतच ठरवल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले.

एवढे करूनही निपाणीहून काही दिसणार नाही, कारण मेटलएलबीने दिलेला पत्ता कारखान्याच्या आतच चालतो. राउटरवर ४४३ क्रमांकाचा पोर्ट त्या पत्त्याकडे वळवावा लागेल. तत्पूर्वी राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर सेवापुरवठादाराने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेले असते आणि पोर्ट वळवून उपयोग होत नाही. अशा वेळी त्याच्याकडे स्थिर सार्वजनिक पत्त्याची मागणी आधी नोंदवावी.