गाडी भरण्याचे तास ड्युटीत धरायचे की नाही?

प्रश्न : हिंगणघाटहून रुईच्या गाठी घेऊन भिवंडीला जातो. जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात) सकाळी सहाला नंबर लावला की भरून, ताडपत्री-रस्सा बांधून निघेपर्यंत दहा वाजतात. मालक म्हणते, ‘तुझी ड्युटी दहापासून, तोवर तू बसूनच होता.’ आठ तास नेमके कुठून मोजायचे?
— एक चालक, हिंगणघाट

उत्तर : सहापासून. बहुतेक चालकही फक्त चाक फिरतं तेवढाच वेळ मोजतात, आणि सगळी गफलत तिथेच होते. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार गाडी चालवण्याबरोबरच माल भरणं-उतरवणं, गाडीची देखभाल-दुरुस्ती, कागदपत्रं आणि सह्या हेही कामाचेच तास. ठिकाणावर १५ मिनिटांपेक्षा कमी वेळ नुसतं थांबावं लागलं, तर तेही काम. रांगेत दर दहा मिनिटांनी गाडी पुढे सरकवावी लागत असेल तर ती विश्रांती नव्हे. टोकन हातात देऊन ‘दोन तासांनी या’ म्हटलं आणि तुम्ही खरोखर मोकळे असाल, तर मात्र तो वेळ कामात धरता येत नाही.

चालकांना तोंडपाठ असलेले आकडेही याच कायद्यातले : दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, सलग ५ तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचा सगळा पसारा (काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत) १२ तासांत, दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तास मोकळे, सात दिवसांत एक सुट्टी. लांब पल्ल्यासाठी १० आणि ५४ तासांपर्यंत जाता येत होतं, पण अधिकाऱ्याच्या मंजुरीने. ही मंजुरी बहुतेक जण विसरतात आणि ‘लाइनच्या गाडीला दहा तास चालते’ एवढंच लक्षात ठेवतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० आली. ८ तासांची मर्यादा आणि माल भरण्याचा वेळ कामात धरणं, दोन्ही संहितेत आहे. मधली विश्रांती आणि एकूण पसारा मात्र सरकारने अधिसूचनेने ठरवायचा आहे. जुने आकडे किमान म्हणून पाळत राहा, त्यात तोटा नाही.

आता तुमचा दिवस मांडू. सहा ते दहा भरणी, म्हणजे ४ तास गेले. दहा ते अकरा गाडी चालवली की ५ तास भरले; अर्धा तास थांबा. साडेअकराला निघालात तर अडीच वाजता ८ तास पूर्ण. चाक फिरलं फक्त ४ तास. ताशी सरासरी ४० धरली तर १६० किलोमीटर, म्हणजे अमरावतीच्या आसपास. ‘उद्या सकाळी भिवंडीत’ हा वायदा इथेच मोडतो, आणि तो मोडतो जिनिंगच्या फाटकात, रस्त्यावर नाही. भरणीला वेगळा माणूस ठेवा आणि चालकाला गाडी भरल्यावर बोलवा, हे मालकाला सांगून बघा. एका माणसाची अर्धी रोजी पोहोचण्याचा वायदा मोडण्यापेक्षा स्वस्त पडते.

पुरावा जवळ ठेवा. वजनकाट्याच्या पावतीवर रिकाम्या आणि भरल्या गाडीची वेळ छापलेली असते, गेटपासवर आत-बाहेरची. दोन्हींचा फोटो काढा. फास्टॅगचे मेसेज पुसू नका. वाद झाला तर वहीत लिहिलेल्या वेळेपेक्षा छापील वेळ जास्त चालते.

प्रश्न : मालकाकडे तीनच ट्रक आणि आम्ही चार माणसं. आम्हाला हे नियम लागू होतात का?
— वणी

उत्तर : १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला होता, संहितेत ही संख्या दहा झाली. म्हणजे जादा कामाला दुप्पट दर देणाऱ्या कलमाचा आधार तुम्हाला मिळत नाही. पण मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ९१ मालवाहू वा प्रवासी वाहन चालवायला ठेवलेल्या कोणाच्याही कामाच्या तासांना मर्यादा घालतं, आणि त्यात माणसं मोजलेली नाहीत. अपघात झाल्यावर ‘आमची गाडी लहान मालकाची’ हे उत्तर कामी येत नाही.

प्रश्न : रात्री समृद्धीवर झोप येते. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) आणि चहावर किती तास निघतात?
— कारंजा लाड

उत्तर : खर्रा, तोंडावर पाणी, मोठ्याने गाणी, यांवर काही मिनिटं निघतात. चहाचा असर व्हायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. म्हणून चहा पिऊन लगेच २० मिनिटांची डुलकी काढा. उठेपर्यंत चहा कामाला लागलेला असतो. उठल्यावर पाच-दहा मिनिटं पायी फिरा, टायर बघा, मगच चाक हातात घ्या.

पहाटे २ ते ५ आणि दुपारी २ ते ४ या वेळात शरीर झोप मागतंच. सरळ रस्त्यावर ते आणखी लवकर मागतं. ताशी ८० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी जवळपास ९० मीटर आंधळी जाते. मागचा फलक कोणता होता हे आठवत नसेल, तर पुढच्या सोयीच्या ठिकाणी थांबा. कडेच्या पट्ट्यावर थांबू नका. मागून येणारा तुमच्यासारखाच पेंगलेला असू शकतो.

मे महिन्यात सावलीसाठी ट्रकखाली झोपायची सवय सोडा. कोणी गाडी हलवली तर खालचा माणूस दिसत नाही. बंद केबिनमध्ये स्टोव्ह पेटवून झोपणंही तितकंच घातक, कारण त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वासही नसतो. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम व जड मालवाहू गाड्यांना केबिनमध्ये एसी बंधनकारक आहे. जुन्या गाडीवाल्यांनी पंपावरचं झाड गाठावं.

प्रश्न : मोबाइलवर पाहिलं की साडेचार तास चालवून ४५ मिनिटं थांबायचं. मग आपलं पाच तासांचं काय?
— वरुड

उत्तर : तो युरोपचा नियम. तिथे दिवसाला ९ तास चालवता येतं, पण प्रत्येक मिनिट गाडीतलं यंत्र नोंदवतं. तो पाळलात तर उत्तमच. मात्र तिथल्या ९ तासांत भरणी धरलेली नाही, ते तास इकडे आणू नका.

प्रश्न : नॅशनल परमिटला दोन चालक लागतातच ना?
— वरुड

उत्तर : ती सक्ती २०१८ मध्ये काढली. तासांची मर्यादा काढलेली नाही. दुसरा माणूस ठेवला तर त्याच्याकडे जड वाहनाचं लायसन्स हवं. क्लीनरच्या हातात चाक देऊन तुमची विश्रांती होत नाही. आणि धावत्या गाडीत, मागच्या बर्थवर लागलेली झोप तुटक असते. दोघे चालक असले तरी रोज काही तास गाडी उभी करून दोघांनीही झोपावं.