महिला सक्षमीकरण फक्त कागदावरच झालंय का?

प्रश्न असा आहे : भारतात स्त्रियांची प्रगती खरोखर झाली आहे, की सगळं कागदावरच?

वाचून हसू आलं, कारण माझं पोटच कागदावर चालतं. तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयासमोर बसून मी दस्त टाइप करून देते. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र. 17 वर्षं झाली. माझा अनुभव तुमच्या प्रश्नाच्या उलटा आहे : प्रत्यक्षात बरंच काही झालंय, अडलंय ते कागदावर.

जे झालंय ते नाकारण्यात अर्थ नाही. दर लाख जिवंत जन्मांमागे बाळंतपणात दगावणाऱ्या बायका 2014-16 मध्ये 130 होत्या, 2018-20 मध्ये 97. स्वतः वापरते असं बँक खातं असलेल्या बायका राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 53 टक्क्यांवरून पाच वर्षांत जवळपास 79 टक्क्यांवर गेल्या. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. सरपंचबाईच्या शेजारी नवऱ्याची खुर्ची, हा विनोद आता जुना झाला. दुसऱ्या खेपेला निवडून आलेली बाई ग्रामसेवकाला हिशेब विचारताना मी पाहिली आहे. लोकसभेत मात्र 2024 ला 543 पैकी 74 बायका. असो.

आता जमिनीचं. 2015-16 च्या कृषी गणनेत शेती ज्यांच्या हाती आहे अशा खातेदारांत बायका होत्या सुमारे 14 टक्के. खुरपायला, वेचायला, लावणीला कोण असतं हे बांधावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळेल. पण पीककर्ज, पीएम किसानचा हप्ता, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, हे सगळं सातबाऱ्यावरचं नाव बघून मिळतं. खुरपं कोणाच्या हातात होतं हे कोणी विचारत नाही.

यात कायदा कमी पडला असं म्हणवत नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 लाच दिला (तेव्हा फक्त अविवाहित मुलींना), देशभर तो 9 सप्टेंबर 2005 पासून सगळ्या मुलींना मिळाला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने आहे, 2005 ला वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही. (20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती उकरता येत नाही. हे मला आठवड्यातून दोनदा तरी कोणाला ना कोणाला सांगावं लागतं.)

मग अडतं कुठे? माझ्या टेबलावर. वडील गेले की वारस नोंद होते, बहिणींची नावं लागतात, आणि वर्षश्राद्धाच्या आत-बाहेर भाऊ सगळ्या बहिणींना एका जीपमध्ये घालून आणतो. दस्तात ठरलेलं वाक्य असतं : "मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला माझा हक्क सोडत आहे." आत साहेब विचारतात, "मान्य आहे का?" बहीण साहेबांकडे नाही, भावाकडे बघून "हो" म्हणते. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार. बाहेर आल्यावर साडीची पिशवी. दहा मिनिटांत 1956 पासूनची सगळी मेहनत संपते.

भावांना शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे. मीही सही केली आहे, 2012 ला. माझं हक्कसोडपत्र मीच टाइप केलं, त्याचे पैसे अर्थातच घेतले नाहीत. कोणी दम दिला नव्हता. भावाने माझ्या लग्नाला कर्ज काढलं होतं आणि नागपंचमीला जायला एक दार उघडं राहावं, एवढाच हिशेब होता. उद्या सासरी काही बिनसलं तर कुठे जायचं, या भीतीला आमच्याकडे माया म्हणतात.

पण बदल दिसतो, आणि तो घोषणांमधून आलेला नाही. पूर्वी बायका न वाचता अंगठा द्यायच्या. आता "वाचून दाखवा" म्हणतात, कॉलेजातली मुलगी सोबत आणतात. गेल्या पावसाळ्यात पन्नाशीच्या एका बाईने विचारलं, "ताई, विनामोबदला म्हणजे?" म्हटलं, काही न घेता. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला वीस गुंठे माझ्या नावावर ठेवायचेत. विहिरीकडचे." भाऊ चहाला निघून गेला. त्या दिवशी दस्त झाला नाही. महिनाभराने सगळे परत आले, वाटणीपत्र करायला. वीस गुंठे तिला मिळाले, विहिरीकडचे नाही, माळाकडचे.

हिस्सा मागणारी प्रत्येक बाई स्वतःच्या मनाने येते असंही नाही. काहींना नवरा पाठवतो, आणि मिळालेल्या जमिनीचं गिऱ्हाईक त्याने आधीच ठरवलेलं असतं. तोच नवरा स्वतःच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला मात्र येत नाही. त्यासाठी सरकारची लक्ष्मी मुक्ती योजना 1992 पासून आहे, नवऱ्याने नुसता अर्ज करायचा. इतक्या वर्षांत असे अर्ज मी टाइप केले असतील सात किंवा आठ.

तुम्हाला स्वतः पडताळून पाहायचं असेल तर आजोळच्या शेताचा गट नंबर घ्या आणि महाभूलेखवर सातबारा काढा, फुकट दिसतो. तुमच्या आईचं नाव खातेदारांत आहे, 'इतर हक्क' या रकान्यात ढकललंय, की कुठेच नाही ते बघा. गट नंबर मामाकडे मागावा लागेल. माझ्या मुलाने मागितला तेव्हा माझा भाऊ आधी म्हणाला, "कशाला हवाय?" आणि संध्याकाळी मला फोन करून, "वहिनी विचारतेय, पंचमीला येणार आहेस ना?"