जर्मनीत पीएचडी: कोल्हापूरच्या एका दांपत्याच्या पत्राला उत्तर

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपण रसायनशास्त्रात एम.एस्सी. आणि आपल्या पत्नीने समाजशास्त्रात एम.ए. केले आहे, दोघांनाही जर्मनीत पीएचडी करायची आहे आणि त्यासाठी कोणते विद्यापीठ चांगले, असे आपण विचारले आहे. मी गेली अकरा वर्षे लाइपझिगमध्ये इतिहासाचे संशोधन करते आहे. या अनुभवावरून मला वाटते की विद्यापीठाचा प्रश्न तिसरा किंवा चौथा यावा. आधी हे ठरायला हवे की आपल्याला पैसे कोण देणार, किती महिन्यांसाठी देणार आणि तसे कोणत्या कागदावर लिहून देणार. आपल्या दोघांसाठी याची उत्तरे वेगवेगळी येतील, म्हणून एकाच अर्जाचा विचार दोघांसाठी करू नये.

आपल्याकडे विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षा, मग गाईडची यादी, मग कोर्सवर्क असा क्रम असतो. इथे तसा क्रम बहुतेक ठिकाणी नाही. रसायनशास्त्रात पीएचडी म्हणजे जवळजवळ नेहमी एक नोकरी असते: प्रयोगशाळेला अनुदान मिळते, जागेची जाहिरात निघते, आपण अर्ज, गुणपत्रके आणि दोन शिफारसकर्त्यांची नावे पाठवतो आणि निवड झाल्यास करारावर सही करतो. पगार सरकारी वेतनश्रेणीप्रमाणे, विद्यापीठांत बहुधा टीव्हीएल ई-१३ या श्रेणीत मिळतो. २०२५ मध्ये तिच्या पहिल्या टप्प्यावर पूर्ण पगार करापूर्वी महिन्याला साधारण ४,६०० युरो होता. मात्र करारात "पूर्ण" हा शब्द क्वचितच असतो. नैसर्गिक विज्ञानांत ६५ किंवा ७५ टक्के, मानव्यविद्यांत बरेचदा ५० टक्के आणि अभियांत्रिकीत पुष्कळदा १०० टक्के अशी रीत आहे. ६५ टक्क्यांच्या करारात कर, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी वजा होऊन एकट्या माणसाच्या हातात दोन हजार युरोंच्या आसपास रक्कम येते. काम मात्र ६५ टक्के नसते. प्रयोगशाळेत सगळे पूर्ण वेळ असतात आणि उरलेला वेळ आपल्या प्रबंधाचा, असे समजले जाते. हे आधी माहीत असले म्हणजे पहिल्या पगाराच्या दिवशी मन खट्टू होत नाही.

आपल्या पत्नीची वाट वेगळी आहे. बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या स्थलांतरावर त्यांना काम करायचे आहे, आणि हा विषय इथल्या कोणत्याही चालू प्रकल्पात आयता बसेल अशी शक्यता कमी आहे. समाजशास्त्रात आणि मानववंशशास्त्रात संशोधक आपला विषय घेऊन येतो, पाच ते दहा पानांचा आराखडा लिहितो आणि त्या विषयात रस असलेला प्राध्यापक शोधतो. १९६२ मध्ये स्थापन झालेली हायडेलबर्गची दक्षिण आशिया संस्था, गॉटिंगेनचे आधुनिक भारत अध्ययन केंद्र आणि हाल या शहरातील माक्स प्लांक सामाजिक मानववंशशास्त्र संस्था ही तीन ठिकाणे त्यांनी आधी पाहावीत. हायडेलबर्गला गुंथर सोंथायमर यांनी खंडोबावर आणि धनगरांवर आयुष्यभर काम केले, त्यामुळे महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनावरचा प्रस्ताव तिथे कोणाला परका वाटणार नाही.

प्राध्यापकाने होकार दिला तरी पैशांची सोय होतेच असे नाही. बरेचदा शिष्यवृत्ती स्वतः मिळवावी लागते. शिष्यवृत्तीवर कर नसतो, पण ती नोकरीही नसते. आरोग्यविम्याचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरावा लागतो आणि निवृत्तिवेतनाच्या खात्यात काहीच जमा होत नाही. आपल्या पत्नी अनुसूचित जातींसाठीच्या योजनांना पात्र आहेत असे आपण लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन हे विषय वगळण्यात आले. ऊसतोडीचा विषय थेट त्यात येतो. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, कारण ज्यांनी ते जगणे जवळून पाहिले आहे त्यांनाच त्यावर परदेशात संशोधन करायला तो अडवतो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही वेगळी योजना आहे. तिच्यात विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान पाहिले जाते, म्हणून तिथे हायडेलबर्गसारखे नाव उपयोगी पडते. अर्ज करण्यापूर्वी दोन्ही योजनांची त्या वर्षीची जाहिरात अक्षरशः ओळीने ओळ वाचावी.

आता मुदतीबद्दल. २००७ पासून इथे एक कायदा आहे. त्यानुसार विद्यापीठात मुदतबंद करारावर पीएचडीपूर्वी सहा वर्षे आणि पीएचडीनंतर सहा वर्षे काम करता येते. प्रत्येक मुलामागे त्यात दोन वर्षांची भर पडू शकते. करार निम्म्या वेळेचा असला तरी वर्ष पूर्ण मोजले जाते. प्राध्यापकपदाखाली कायमच्या जागा फार थोड्या आहेत आणि आपल्याच विद्यापीठात प्राध्यापक होणे सहसा घडत नाही. २०२१ मध्ये या कायद्याचे समर्थन करणारी सरकारी चित्रफीत चर्चेत आली. तिच्यातील काल्पनिक संशोधिकेचे नाव हाना होते. तेव्हा "मी हाना आहे" असे म्हणत हजारो संशोधकांनी आपापल्या करारांच्या हकिकती मांडल्या. त्या वाचताना आपण एकटे नाही हे मला प्रथमच जाणवले.

माझा स्वतःचा पहिला करार बारा महिन्यांचा होता. पुढचा करार द्यायचे ठरले होते, पण त्यावरची सही एका कार्यालयात नऊ आठवडे अडली. करार नाही म्हणून रहिवासी परवान्याचे नूतनीकरण नाही, आणि तात्पुरता कागदही हातात नाही. त्याच काळात सांगलीला माझी आजी गेली. परत येता येईल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून मी गेले नाही. आपण दोघांनी करार हातात पडताच सुरुवातीची आणि शेवटची तारीख आधी पाहावी, एका वर्षाचा असल्यास तीन वर्षांचा देता येईल का हे नम्रपणे पण लेखी विचारावे आणि परवाना संपण्याच्या तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा.

मार्गदर्शकाला इथे "डॉक्टरफाटर" किंवा "डॉक्टरमुटर", म्हणजे डॉक्टर-पिता किंवा डॉक्टर-माता, असे म्हणतात. हे केवळ कौतुकाचे नाव नाही. बरेचदा आपली नोकरी, प्रबंध आणि शिफारसपत्र या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात असतात. म्हणून होकार कळवण्यापूर्वी त्या गटातून नुकतेच पीएचडी झालेल्या दोघा-तिघांशी बोलावे आणि त्यांना किती वर्षे लागली हे विचारावे. आपले पत्र वाचताना मला इरावती कर्वे यांची आठवण झाली. त्यांचे पती दिनकर कर्वे रसायनशास्त्राचे, तेही जर्मनीत शिकलेले, आणि इरावतीबाई १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला आल्या त्या मानववंशशास्त्रासाठी. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असा फिशर यांच्या मताविरुद्धचा निष्कर्ष मांडून १९३० मध्ये पदवी मिळवली. मतभेद लिहून मांडता येईल इतकी मोकळीक आपल्या गटात आहे का, हे आजही पाहावे.

भाषेबद्दल आपण काळजी व्यक्त केली आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिवस इंग्रजीवर निघतो, पण सुरक्षिततेच्या सूचना, भाड्याचा करार आणि परवान्याचे कार्यालय जर्मनमध्येच असते. पुण्याच्या माक्स म्युलर भवनात जर्मनच्या बी-१ या मधल्या पातळीपर्यंत शिकून यावे. मला स्वतःला जर्मन येत असूनही हालच्या फ्रांके संस्थेच्या संग्रहातले पहिले पत्र वाचता आले नव्हते. तमिळनाडूतील तरंगंबाडीहून आलेल्या त्या अठराव्या शतकातल्या पत्रातली अक्षरे जुन्या कुरेंट वळणाची, एकमेकांत गुंतलेली होती. पुण्याला मोडी शिकताना जसे आधी एकेक अक्षर काढून मग ओळ लावली, तसेच मी इथे पेन्सिलने पुन्हा केले. तीन आठवड्यांनी "पाऊस" हा शब्द वाचता आला.

आणखी एक गोष्ट. प्रबंधाची मौखिक परीक्षा झाली की सहकारी पुठ्ठ्याची टोपी करून डोक्यावर ठेवतात, पण "डॉ." लिहिण्याचा अधिकार तेव्हाच मिळत नाही. आधी प्रबंध प्रसिद्ध करून ग्रंथालयाला प्रती द्याव्या लागतात. परत जाऊन सहायक प्राध्यापक व्हायचे असल्यास लक्षात ठेवावे की २०१८ च्या यूजीसी नियमांप्रमाणे जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी असेल तर नेट परीक्षेशिवाय अर्ज करता येतो.

माझा सल्ला असा की आपल्याला संशोधन संस्थेकडून यजमान-करार, म्हणजे आपल्याला संशोधक म्हणून घेत असल्याचा लेखी करार, मिळाल्यास आपण संशोधकाच्या परवान्यावर यावे. त्या परवानाधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन परीक्षेची अट नाही आणि इथे नोकरी करण्याची पूर्ण मुभा असते. म्हणजे आपल्या पत्नींना इथे राहून प्राध्यापकांना भेटता येईल. त्यांच्या आराखड्याची पहिली दोन पाने आणि क्षेत्रकार्याचे वेळापत्रक तयार झाले की मला पाठवावे. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि इथले हिवाळी सत्रही ऑक्टोबरातच, तेव्हा पहिल्या वर्षी त्या कोठे असतील हे त्या वेळापत्रकात आधी ठरवावे लागेल.