निपल लाइनमधला थर आणि फेज

प्रश्न : सिन्नर तालुक्यात आमचं ब्रॉयलरचं शेड आहे, पाणी बोअरचं. दर बॅचला पहिल्याच आठवड्यात ई. कोलाय या जिवाणूने पिल्लं मरतात. अँटिबायोटिक दिलं की थांबतं, पुन्हा सुरू होतं. निपल लाइन (पिल्लांना पाणी पाजणारी बारीक तोट्यांची नळी) आतून बुळबुळीत लागते. जिवाणू मारणारे फेज पाण्यातून सोडले तर हा थर जाईल का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : एकट्या फेजने जाणार नाही. आधी लाइन धुवा, मग फेजचा विचार करा.

फेज म्हणजे जिवाणूंवर वाढणारे विषाणू. काही फेजकडे थराचा चिकट पदार्थ तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात, म्हणून प्रयोगशाळेत ते थरातही शिरतात. पण तुमच्या लाइनमधला थर एकाच जिवाणूचा नाही. ई. कोलायचा फेज सुडोमोनास या दुसऱ्या जिवाणूला हातही लावत नाही. शिवाय थराच्या तळचे जिवाणू जवळजवळ निपचित असतात, आणि अशा पेशीत फेजची वाढ नीट होत नाही. जिवाणू मेले तरी चिकटा आणि क्षार पाइपातच राहतात, त्यावर नवा थर धरतो.

धुणं शेड रिकामं असतानाच करा. पाऊण इंची 30 मीटर लाइनमध्ये साडेआठ लिटरच्या आसपास पाणी मावतं, त्यावरून द्रावण ठरवा. 100 लिटर पाण्यात 50 टक्क्यांचं स्थिरीकृत हायड्रोजन पेरॉक्साइड 3 लिटर. हातमोजे, चष्मा हवाच. शेवटच्या निपलमधून द्रावण येईपर्यंत भरा, 24 तास ठेवा. वायू सुटतो, म्हणून टोकाची उभी नळी उघडी ठेवा, नाहीतर सांधे फुटतात. मग दाबाने फ्लश करा. सुटलेला चिकटा आत राहिला तर निपल तुंबतात आणि पिल्लं तहानलेली राहतात. बोअरच्या पाण्याने क्षार धरले असतील तर त्यानंतर सायट्रिक ॲसिड फिरवा, ठिबकला आम्लप्रक्रिया करता तसंच. आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

बॅच चालू असताना शेवटच्या निपलला 3 पीपीएम (लिटरला 3 मिलिग्रॅम) मुक्त क्लोरीन मिळालं पाहिजे. टाकीत मोजून उपयोग नाही. पाण्याचा पीएच 8च्या वर गेला की क्लोरीनचा खरा मारक भाग पाव हिस्साही उरत नाही. ब्रूडिंगमध्ये (पिल्लांना ऊब देण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत) पाणी कोमट, प्रवाह मंद, त्यात गूळपाणी आणि व्हिटॅमिन. थराला याहून चांगलं खाद्य नाही. तुमची पिल्लं पहिल्याच आठवड्यात जातात, त्यामागे हे मोठं कारण असू शकतं. गूळपाणी दिलं त्याच दिवशी लाइन फ्लश करा. मरतुकीचं दुसरं कारण हॅचरीतून आलेला नाभीदाहही (नाभीचा संसर्ग) असतो, म्हणून ताजी मेलेली पिल्लं शवविच्छेदनाला द्याच.

प्रश्न : फेज द्यायचेच झाले तर काय पाहावं? (एक वाचक, दिंडोरी)

उत्तर : पहिलं, तुमच्या शेडमधल्या जिवाणूवर तो फेज चालतो का, याची प्रयोगशाळेत चाचणी. एकाच फेजला जिवाणू लवकर दाद देईनासे होतात, म्हणून मिश्रण बरं. फेज जिवाणूला फोडणाराच हवा. त्याच्या जनुकांत दडून बसणारा नको, कारण तो विषाची जनुकंही पसरवू शकतो. बाटलीवर कोणत्या जिवाणूसाठी, किती फेज आणि परवाना क्रमांक हे छापलेलं नसेल तर घेऊ नका. साठवण 2 ते 8 अंशांवर, उन्हापासून दूर. क्लोरीन फेजलाही मारतं. लस पाजताना करता तसं दोन दिवस आधी बंद करा, फेज देऊन झाले की पुन्हा सुरू.

प्रश्न : फेज सुरू केल्यावर कोलिस्टिन हे अँटिबायोटिक थांबवावं का? (एक वाचक, निफाड)

उत्तर : कोलिस्टिन आजच थांबवा. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर 2019पासून देशभर बंदी आहे. दुसरं औषध कोणतं, हे सेन्सिटिव्हिटी अहवाल (जिवाणूवर कोणतं औषध चालतं याची चाचणी) पाहून पशुवैद्यकाला ठरवू द्या.