मिनी ट्रॅक्टरला मागे मोठे टायर टाकू का?

गोराई, मनोरीकडून आणि वसईतून सध्या एकाच अर्थाचे मेसेज येतायत, साहेब आमचा १५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, जमीन ओली झाली की मागची चाकं जागेवर फिरतात, तर मोठे टायर-रिम टाकले तर चालेल का? आरेतल्या एका नर्सरीवाल्यांचं वेगळं आहे, त्यांचा फोर व्हील ड्राइव्ह आहे आणि वाफ्यांवरून जाताना पोट घासतं म्हणून मागची चाकं उंच करायचीत. सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

आधी टायरवरचा नंबर वाचा. ८.३-२० म्हणजे टायर साधारण ८.३ इंच रुंद आणि रिम २० इंची. पहिला आकडा वाढवला की टायर रुंद होतो, ओल्या जमिनीत कमी रुततो. दुसरा वाढवला की चाक उंच होतं, आणि लोक नेमकं हेच करतात. चाकाचा व्यास १० टक्के वाढला तर त्याच गिअरमध्ये स्पीड तेवढाच वाढतो, पण ओढ जवळपास तेवढीच घटते आणि ब्रेकही त्याच हिशोबाने कमी लागतो. म्हणजे १५ एचपीच्या मशीनला तुम्ही स्वतःच्या हाताने वरचा गिअर टाकून दिला. रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती फोडणारं अवजार, वापरणाऱ्यांनी तर जास्तच विचार करावा, पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट, तेवढाच फिरतो आणि ट्रॅक्टर पुढे पळतो, मग ढेकळं मोठी राहतात.

आता चाकं फिरतात त्याचं. बऱ्याच वेळा टायरचा दोष नसतोच, एकतर लग, म्हणजे टायरवरचे जाड उंचवटे, झिजलेले असतात नाहीतर मागे वजन कमी असतं आणि तिसरं म्हणजे हवा, पंक्चरवाला कारसारखी ३० पीएसआय भरून देतो आणि टायर फुग्यासारखा मधोमधच टेकतो. शेतातल्या कामाला मागे साधारण १२ ते १४ पुरते, तरी तुमच्या टायर कंपनीचा तक्ता बघूनच ठरवा, आणि रस्त्याने ट्रॉली ओढायची असेल तर वाढवा.

स्लिप, म्हणजे चाक किती जागेवर फिरतं ते, मोजायला मशीन लागत नाही. टायरवर खडूची खूण करा, अवजार उचलून त्याच शेतात चाकाचे १० फेरे चालवा आणि अंतर मोजा, मग अवजार लावून परत १० फेरे. रिकामं २८ मीटर गेलं आणि लोडवर २४, तर स्लिप १४ टक्के झाली, हे ठीक आहे. १५ च्या बरीच वर गेली तर आधी वजन टाका. लोखंडी वजनं मिळतात, किंवा टायरमध्ये पाणी भरा, व्हॉल्व्ह एकदम वर आणून त्याच्या पातळीपर्यंत भरलं की पाऊण भाग भरतो. फक्त खाडीकडच्या विहिरीचं खारं पाणी नको, ट्यूबलेस असेल तर रिम आतून सडतो.

भाताच्या चिखलणीला मात्र ह्यातलं काहीच फार उपयोगी नाही. तिथे केज व्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखं लोखंडी चाक, लावा, किंवा खोल लगचे भातशेतीचे टायर येतात ते घ्या. केज व्हील लावून डांबरी रस्त्यावर जाऊ नका, रस्ता आणि चाक दोन्हीची वाट लागते.

एवढं करूनही टायर बदलायचाच असेल तर व्यास तोच ठेवून एक नंबर रुंद घ्या. जुन्या बाजारात रिम स्वस्त मिळाला म्हणून उचलू नका, आधी बोल्टची भोकं किती, त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधलं मोठं भोक आणि रिमची रुंदी हे चारही जुळलं पाहिजे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर मधला पट्टाच घासतो, पैसे वाया. मडगार्ड आणि हायड्रॉलिकच्या लिंकपासून (अवजार उचलणाऱ्या मागच्या दांड्यांपासून) दोन-तीन बोटं तरी मोकळी राहायला हवीत, चिखल चढल्यावर ती जागा आणखी कमी होते. चाकांमधलं अंतर वाढवायला रिम उलटा करणार असाल तर डावं चाक उजवीकडे जातं, कारण टायरवरचा बाण पुढेच राहिला पाहिजे, हे गॅरेजवालेही विसरतात. नट पहिल्या दिवसाच्या कामानंतर परत आवळा.

नर्सरीवाल्या दादांना सरळ नाही म्हणतो. फोर व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांचं प्रमाण गिअरमध्येच ठरलेलं असतं, फक्त मागे उंच टाकलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात, कडक जमिनीवर टायर घासतात आणि पुढचे गिअर जातात. शिवाय ४ इंच मोठा व्यास घेतला तरी अ‍ॅक्सल २ इंचच वर येतो. त्यापेक्षा वाफे चाकांच्या मधल्या अंतरात बसतील असे आखा, उंचीही थोडी कमी ठेवा, खर्च शून्य. बदलायचंच तर चारही चाकांचा जुळणारा सेट, तोही कंपनीच्या डीलरकडून लेखी घेऊन. रजिस्ट्रेशन असलेल्या ट्रॅक्टरचं मूळ स्पेसिफिकेशन बदलायला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येऊ शकतं, तेव्हा आरटीओत आणि विमावाल्यांना आधी विचारा, वॉरंटी चालू असेल तर तीही बघा.