स्टूल रिपोर्टमध्ये ‘यीस्ट सेल्स’ आल्या आहेत. बुरशीवरच्या औषधाने चांगले जीवाणूही मरतील का? दही बंद करावं का?

दही बंद करू नका. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर पोट फुगलं की ‘आंबवलेलं सगळं सोडा’ असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. दूध विरजतात ते लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू. रिपोर्टमधल्या ‘यीस्ट सेल्स’ म्हणजे सहसा कॅन्डिडा ही बुरशी. तिला आम्लात नीट धागे फुटत नाहीत. इडली-ढोकळाही सोडायचं कारण नाही, वाफेवर पिठातलं यीस्ट मरतं.

औषधाची भीतीही काढून टाका. निस्टॅटिन हे औषध बुरशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉल या चरबीसारख्या घटकाला चिकटून भोकं पाडतं, फ्लुकोनाझोल ते बनूच देत नाही. जीवाणूंमध्ये अर्गोस्टेरॉल नसतं, म्हणून ते वाचतात. निस्टॅटिन रक्तात जवळपास जात नाही. मोठ्यांना सहसा ५ ते १० लाख युनिट, दिवसातून तीनदा देतात. फ्लुकोनाझोल मात्र रक्तात जातं. सोबत मधुमेहाचं ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते, रक्त पातळ करणारं वॉरफरिन असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. केमिस्टकडून फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी आणून गिळणं हा आतड्याचा उपचार नव्हे. कॅन्डिडा क्रुसेई ही जात तर फ्लुकोनाझोलला मुळातच जुमानत नाही.

बुरशीच्या औषधाने चांगले जंतू मरत नाहीत, याला अपवाद एकच: सॅकरोमायसिस बोलार्डी. अतिसारात देतात ती ही कॅप्सूल स्वतःच यीस्ट आहे. बुरशीचं औषध चालू असताना ती घेणं म्हणजे पैसे वाया. कोर्स संपल्यावर घ्या.

आता दही, कारण तिथेच सगळे चुकतात. अर्धा लिटर दूध उकळून कोमट करा, बोट दहा सेकंद सहज ठेवता आलं पाहिजे, म्हणजे साधारण ४२ अंश. त्याहून खूप गरम असताना विरजण घातलं तर जीवाणू मरतात आणि दही चिकट, पाणचट होतं. ताज्या दह्याचं एक चमचा विरजण नीट घोळा, सहा-आठ तास हलवू नका, लागताच फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवसांत संपवा. आंबट होत जातं तसे जिवंत जीवाणू घटतात. कढी केली की ते मेलेच. रोज जेवणात एक वाटी पुरे. हे जीवाणू आतड्यात मुक्काम करत नाहीत, म्हणून रोज. आत आधीपासून राहणाऱ्यांना चारा लागतो: कच्च्या केळ्याची भाजी, फ्रिजमध्ये ठेवलेला कालचा भात, भिजवलेली कडधान्यं. पोट फार फुगत असेल तर चारा थोडा थोडा वाढवा.

पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) वर्षानुवर्षं चालू असेल तर ते खरंच हवंय का, हे डॉक्टरांना विचारा. जठरातलं आम्ल कमी झालं की लहान आतड्यात बुरशीला रान मोकळं मिळतं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) पण करा.

आणि हो, निरोगी माणसांच्या शौचातही कॅन्डिडा सापडते, तेव्हा नुसत्या रिपोर्टवर औषध सुरू करू नका. पाण्यात थुंकून धागे बघायची चाचणी तर निव्वळ खोटी. खरं निदान एंडोस्कोपीने लहान आतड्यातला रस काढून, कल्चर लावून होतं. मिलिलिटरला बुरशीच्या हजारावर वसाहती (कल्चरमध्ये उगवलेले ठिपके) आल्या तरच वाढ झाली असं धरतात. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा गिळताना दुखत असेल तर दह्यात वेळ घालवू नका, पोटाच्या डॉक्टरांकडे जा. केमोथेरपी चालू असेल किंवा मोठ्या शिरेत नळी असेल तर बोलार्डी अजिबात नको, ते यीस्ट रक्तात शिरू शकतं.