सैल झालेला स्क्रू नुसता आवळून भागत नाही

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी खालच्या डाव्या पहिल्या दाढेच्या जागी मी इम्प्लांट बसवून घेतले. गेल्या चतुर्थीच्या सुमारास त्यावरची कॅप किंचित हलू लागली. दंतवैद्यांनी एक्स-रे काढून हाड उत्तम असल्याचे सांगितले आणि स्क्रू आवळून दिला. चार महिन्यांत कॅप पुन्हा हलू लागली आहे. टायटॅनियम एवढे भक्कम असताना असे का व्हावे? इम्प्लांट फुकट गेले का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : फुकट गेले असे आताच समजू नये. हाडात बसवलेला इम्प्लांटचा खुंटाच हलत असता, तर तो हाडाचा प्रश्न झाला असता आणि स्क्रू आवळून काहीच साधले नसते. हाड चांगले आहे, म्हणजे सैल पडला आहे तो खुंटा आणि त्यावरचे अबटमेंट (ज्यावर कॅप बसते तो जोडभाग) यांच्यामधला सांधा. हा सांधा बांधून ठेवतो तो सुमारे दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक असा एक स्क्रू.

टॉर्क रेंचने (मोजून जोर लावणाऱ्या पान्याने) साधारण २५ ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर जोर लावून हा स्क्रू आवळला की तो अतिसूक्ष्म प्रमाणात ताणला जातो, पुन्हा आखडू पाहतो आणि त्यामुळे दोन्ही भाग एकमेकांवर घट्ट दाबून धरले जातात. (लावलेल्या जोराचा फार मोठा वाटा आट्यांमधल्या आणि स्क्रूच्या डोक्याखालच्या घर्षणात खर्ची पडतो, ताणासाठी सुमारे एक दशांशच उरतो.) सांधा उघडू पाहणाऱ्या जोरापेक्षा हा दाब जास्त असतो तोवर चावण्याचा भार स्क्रूपर्यंत फारसा पोचतच नाही. दाब उतरला की मात्र प्रत्येक घासाला सांध्यात केसाहूनही बारीक फट पडते आणि मिटते, व स्क्रू दर वेळी थोडा थोडा वाकतो.

येथून धातूचा थकवा सुरू होतो. तार एकदा वाकवून तुटत नाही, तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. जर्मन अभियंता आउगुस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग करून दाखवले की, जो भार धातू एकदा सहज पेलतो, त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा आला तरी तो तुटतो. आपण वर्षाला काही लाख वेळा चावतो. स्क्रूच्या आट्यांच्या खाचेत भेग पडली, तर ती बाहेरून दिसत नाही आणि एखाद्या दिवशी मऊ भात खातानाही स्क्रू तुटू शकतो. म्हणून कॅप हलणे ही वेळेवर मिळालेली सूचना आहे असे मी मानतो, आणि हलत असताना त्या बाजूने चावत राहू नये, असे आपल्याला कळकळीने सांगतो.

नव्याने आवळताना दोन पथ्ये पाळायला हवीत. एक, जुना स्क्रू पुन्हा न वापरता त्याच कंपनीचा, त्याच इम्प्लांटसाठी बनवलेला नवा स्क्रू घ्यावा. दोन, आवळल्यावर दहा मिनिटांनी तो पुन्हा त्याच जोराने आवळावा, कारण पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे चेपल्यामुळे सुरुवातीच्या दाबातला २ ते १० टक्के भाग लगेचच उतरतो.

तेवढ्यानेही काम संपत नाही. दुसऱ्यांदा सैल होण्याला कारण असते आणि ते शोधलेच पाहिजे. खालची पहिली दाढ सुमारे ११ मिलिमीटर रुंद असते. तिच्याखाली ४ मिलिमीटर जाडीचा एकच खुंटा असला, तर कॅप दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटर बाहेर येते आणि कडेवर आलेला घास तरफेसारखा सांध्याला वाकवतो. कॅप उंच लागते का, ती अबटमेंटवर नीट बसते का, झोपेत आपण दात खाता का, हे तपासून घ्यावे. दुसरे मत हवे असल्यास बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात दाखवावे. जाताना इम्प्लांटची कंपनी, मापे आणि लॉट क्रमांक लिहिलेला कागद न्यावा. तो मिळाला नसेल, तर आपल्या दंतवैद्यांकडून मागून घ्यावा. तो आपला हक्क आहे.

प्रश्न : बाहेरच्या षट्कोनी जोडापेक्षा आतला शंकूसारखा जोड मजबूत असतो, असे दोन दवाखान्यांत सांगितले. एका ठिकाणी आयुष्यभराची हमीही दिली. काय खरे? — एक वाचिका, म्हापसा

उत्तर : स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क या संशोधकांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्यांच्या पद्धतीतला, खुंट्याच्या माथ्यावरचा षट्कोन जेमतेम ०.७ मिलिमीटर उंच होता, आणि तो मुळात खुंटा हाडात फिरवून बसवण्यासाठी होता. संपूर्ण जबड्यात अनेक खुंटे एकत्र बांधले जात, तेव्हा हे चालून गेले. एकेकटा दात बसवू लागल्यावर त्या आखूड षट्कोनावर आणि स्क्रूवर भार आला आणि स्क्रू सैल पडू लागले. शंकूच्या जोडात अबटमेंटचे टोक खुंट्याच्या आत पाचरीसारखे आवळते, त्यामुळे वाकवणारा भार खुंट्याची भिंत उचलते आणि स्क्रू सैल होण्याचे प्रमाण कमी राहते. मात्र खुंटा बारीक असेल, तर तीच भिंत मानेशी पातळ होते. तुटलेला स्क्रू बदलता येतो, फाटलेला खुंटा हाड कोरून काढावा लागतो. म्हणून जोडाच्या प्रकाराइतकाच आग्रह मी जाडीचा धरीन. भरीव दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे ३.३ ऐवजी ४.१ मिलिमीटर घेतले की ती जवळजवळ दुप्पट होते. अर्थात, हाडाची रुंदी तेवढी हवी.

हमीपेक्षा आयएसओ १४८०१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या थकवा-चाचणीविषयी विचारावे. तिच्यात ३ मिलिमीटर हाड झिजले आहे असे धरून ३० अंशांच्या तिरप्या भाराखाली इम्प्लांट कोरडे असल्यास ५० लाख, खाऱ्या पाण्यात असल्यास २० लाख आवर्तने तपासतात. ही कसोटी त्याच कंपनीच्या जुळत्या भागांवर घेतलेली असते. स्वस्त पर्यायी अबटमेंट लावले की तिचा आधार उरत नाही.

प्रश्न : इम्प्लांटच्या दाढेने कुर्लीच्या नांग्या फोडाव्या का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : फोडू नयेत. नैसर्गिक दाताभोवती तंतूंचे अस्तर असते, त्यातल्या जाणिवेमुळे खडा लागताच जबडा आपोआप थांबतो. इम्प्लांट थेट हाडाला चिकटलेले असल्याने ही जाणीव फार मंद असते आणि जोर किती पडला हे आपल्याला उशिरा कळते. नांग्या अडकित्त्याने किंवा वरवंट्याने फोडून घ्याव्यात. मांस त्या दाढेने खुशाल चावावे. तिसऱ्यांमधली रेती आणि जत्रेतले कडक खाजे यांनाही तेच पथ्य लावावे.